थंडीत कोंबडी पिसं का टाकते?

दिवाळी उलटली की परसात कोंबड्या पाळणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. "चांगली अंड्यावर असलेली कोंबडी. आठ-पंधरा दिवसांत तिची रया गेली. मान उघडी पडली, शेपूट झडलं, तुरा फिका पडला आणि अंडी बंद झाली. हा कसला रोग म्हणायचा?"

काळजी वाटणं साहजिक आहे. थंडीत अंड्यांना मागणी वाढते, भाव चढतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत कोंबडी हात आखडता घेते. अंड्यांच्या पैशावर घरखर्चाचा एखादा कोपरा सांभाळणाऱ्या बाईला ही गोष्ट फार लागते. मग कुणी औषध सुचवतं, कुणी म्हणतं बाजार दाखवा.

बहुतेक वेळा हा रोग नसतो. कोंबडी जुनी पिसं टाकून नवी घेत असते. या काळात ती बसून खाते आहे असं वाटतं, पण तिचं शरीर वर्षातलं सर्वात अवघड काम करत असतं. ते काम काय आहे, त्याला किती वेळ आणि किती खाद्य लागतं आणि आपण काय करावं, काय टाळावं, हे या प्रकरणात क्रमाने पाहू.

१. पिसं बदलावी का लागतात?

पीस केराटिन नावाच्या प्रथिनाचं बनलेलं असतं. आपली नखं आणि केसही केराटिनचेच असतात. वाढ चालू असेपर्यंत पिसाला रक्त मिळतं. वाढ पूर्ण झाली की रक्ताची वाट बंद होते आणि पीस निर्जीव होतं. त्यानंतर ते फाटलं, झिजलं, तुटलं तर दुरुस्त होत नाही. ते टाकून नवं आणणं एवढा एकच उपाय शरीराकडे उरतो.

वर्षभरात झीज पुष्कळ होते. ऊन, पाऊस, मातीत लोळणं, खुडूक असताना खोपट्यात घासलं जाणं, कोंबड्याच्या नख्या, या सगळ्यांनी पिसांच्या कडा विरतात. विरलेलं पीस हवा धरून ठेवू शकत नाही, आणि कोंबडीची ऊब त्या धरलेल्या हवेवरच अवलंबून असते. कोंबडीच्या शरीराचं तापमान 41 ते 42 अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्यापेक्षा चार-पाच अंशांनी जास्त. एवढी उष्णता थंडीच्या रात्री टिकवायची तर अंगावरचं पांघरूण धड हवं.

पिल्लं मोठी होईपर्यंत काही वेळा पिसं बदलतात, पण ते आपल्या फारसं ध्यानात येत नाही. डोळ्यांत भरणारा पहिला मोठा पिसबदल अंडी द्यायला लागल्यानंतर साधारण वर्षभराने, कोंबडी 16 ते 18 महिन्यांची असताना येतो. त्यानंतर दरवर्षी. कोंबडेही पिसं बदलतात. त्यांच्या अंड्यांचा हिशेब नसतो, म्हणून आपण तिकडे पाहत नाही इतकंच.

२. वेळ झाली हे तिला कळतं कसं?

थंडीमुळे पिसं गळतात असं वाटतं, पण खरी सूचना देतो तो दिवस. पक्ष्यांना प्रकाश फक्त डोळ्यांनी कळत नाही. तो कवटीतून झिरपून मेंदूच्या आतल्या भागापर्यंत पोहोचतो आणि तिथल्या पेशी तो टिपतात. दिवस मोठा असला की मेंदू अंडी घालण्याचे संप्रेरक चालू ठेवतो. दिवस लहान होत गेला की ते मंदावतात, थायरॉईडचं काम पुढे येतं आणि पिसं सैल होऊ लागतात.

पुण्याचं उदाहरण घेऊ. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो अकरा तासांवर येतो. फरक सव्वादोन तासांचा. लंडनमध्ये उन्हाळ्यातला दिवस साडेसोळा तासांचा आणि हिवाळ्यातला आठ तासांहूनही कमी. तिकडे ही सूचना फार ठळक मिळते, म्हणून बहुतेक कोंबड्या एकाच सुमाराला पिसं टाकतात. आपल्याकडे सूचना सौम्य असल्याने त्यांचं वेळापत्रक सैल असतं. एखादी भाद्रपदात सुरुवात करते, दुसरी पौषात. एकाच खुराड्यातल्या दोन कोंबड्या दोन महिन्यांच्या अंतराने पिसं टाकतात, यात काही बिघडलेलं नाही.

दिवसाखेरीज इतर कारणांनीही पिसं गळू शकतात. एक-दोन दिवस पाणी न मिळणं, खाद्य अचानक बदलणं, लांबचा प्रवास, मोठी भीती, ही त्यातली काही. गावरान कोंबडीच्या बाबतीत आणखी एक कारण असतं. ती खुडूक बसते, 21 दिवस अंडी उबवते, पुढे पिल्लं सांभाळते, आणि त्या उपासमारीनंतर बऱ्याचदा पिसं टाकते. म्हणून महिना पाहून निष्कर्ष काढण्याआधी मागच्या चार-सहा आठवड्यांत काय घडलं ते आठवावं.

३. कुठून सुरू होतं, कुठे संपतं?

पिसं गळण्याला क्रम असतो. आधी डोकं आणि मान, मग छाती, पाठ आणि पोट, मग पंख आणि शेवटी शेपूट. प्रत्येक कोंबडी हा क्रम काटेकोर पाळतेच असं नाही, पण सुरुवात वरून होते हे बहुतेक खरं. गळालेलं पीस उचलून पाहा. त्याचं देठ टोकापर्यंत शाबूत, कोरडं आणि पांढुरकं असेल, तर ते आपोआप सुटलेलं पीस आहे.

त्याच जागी काही दिवसांत कोंब दिसतात. कोंबडीला मांडीवर घेऊन मानेची पिसं फुंकर मारून बाजूला केली की कातडीतून वर आलेले टोकदार, निळसर-करडे खुंट दिसतात. खुंटावर पातळ, मेणचट, कागदासारखं वेष्टन असतं. आत नवं पीस घट्ट गुंडाळलेलं, आणि बुडाशी रक्त खेळत असतं. पीस वाढलं की टोकाकडचं वेष्टन सुकून फुटतं. कोंबडी चोचीने ते सोलून काढते आणि गुंडाळलेलं पीस उलगडतं. या दिवसांत खुराड्यात पांढरा कोंडा पडलेला दिसतो तो या वेष्टनांचा. तो पाहून अंगाला खरूज झाली असं समजू नये.

एक गोष्ट इथेच पक्की करून ठेवा. हे खुंट जिवंत असतात. दाबले तर दुखतात, मोडले तर रक्त येतं. पुढे सांगितलेल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ यातच आहे.

४. मग अंडी का थांबतात?

कोकणात पावसाच्या तोंडावर घर शाकारायला घेतात. फुटकी कौलं उतरवायची, वासे तपासायचे, नवी कौलं चढवायची. छप्पर एकदम उघडं टाकत नाहीत, एकेक बाजू घेतात. आणि तेवढे दिवस घरातला पैसा आणि माणसं त्याच कामाला जुंपलेली असतात, दुसरं मोठं काम कुणी काढत नाही. कोंबडीचं शरीर अगदी याच रीतीने चालतं. पिसंही भागाभागाने उतरतात आणि तेवढा काळ अंड्यांचं काम बंद राहतं.

हिशेब मांडला की हे आणखी स्पष्ट होतं. दीड किलोची कोंबडी घ्या. तिच्या पिसांचं वजन शरीराच्या साधारण विसाव्या भागाएवढं, म्हणजे 75 ग्रॅम धरू. पिसाचे दहातले जवळजवळ नऊ हिस्से प्रथिनांचे असतात. म्हणजे नव्या पिसांत सुमारे 67 ग्रॅम प्रथिन. आता 50 ग्रॅमच्या अंड्यात प्रथिन असतं सुमारे 6 ग्रॅम. 67 भागिले 6 केले तर उत्तर येतं अकरा. एक गावरान कोंबडी एका फेरीत खुडूक बसेपर्यंत जितकी अंडी घालते, जवळपास तितक्या अंड्यांचं प्रथिन ती आपल्या अंगावर चढवत असते.

शिवाय हे प्रथिन कसलंही चालत नाही. केराटिनला गंधक असलेले घटक लागतात. त्यातला मुख्य मिथिओनाईन. ज्वारी, बाजरी, मका, तांदळाची कणी यांत तो थोडाच असतो. तेव्हा दाणे पोटभर असले तरी पिसांसाठी लागणारा नेमका माल कमी पडू शकतो.

अंडी थांबल्याचा एक फायदाही आहे. या काळात अंडाशय आणि अंडनलिका आकसतात, तिथे साठलेली चरबी कमी होते आणि पुढच्या फेरीसाठी ते अवयव ताजे होतात. पिसबदलानंतर येणारं अंडं आकाराने मोठं आणि कवचाने मजबूत असतं ते यामुळे.

५. पंख वाचायला शिका

आता सर्वात उपयोगाची गोष्ट. कोंबडीचा पंख हलकेच उघडा. बाहेरच्या अर्ध्या भागात दहा लांब, ताठ पिसं दिसतील. ही उडण्याची पिसं. त्यांच्या आणि आतल्या पिसांच्या मधोमध एक आखूड पीस असतं, ती सीमारेषा. उडण्याची पिसं गळतात ती या सीमारेषेजवळच्या पहिल्या पिसापासून, आणि क्रम बाहेरच्या टोकाकडे सरकतो.

एका उडण्याच्या पिसाला पूर्ण वाढायला साधारण सहा आठवडे लागतात. सावकाश पिसं बदलणारी कोंबडी एक पीस टाकते, दोन आठवड्यांनी दुसरं टाकते. दहावं पीस पडेपर्यंत नऊ वेळा दोन, म्हणजे 18 आठवडे गेले. ते वाढायला आणखी सहा. एकूण 24 आठवडे, म्हणजे साडेपाच महिने. झपाट्याने पिसं बदलणारी कोंबडी एका वेळी तीन-चार पिसं टाकते. समजा आधी चार, दोन आठवड्यांनी तीन, आणखी दोन आठवड्यांनी उरलेली तीन. चार आठवडे अधिक सहा, म्हणजे दहा आठवड्यांत पंख पूर्ण. चारही पिसं एकदम वाढत असली तरी वेळ सहा आठवडेच लागतो. वेळ वाचतो तो इथे.

यावरून कोंबडीची पारख होते. चांगली अंडी देणारी कोंबडी शक्य तितका काळ अंड्यांवर राहते, उशिरा पिसं टाकते आणि झपाट्याने टाकते. त्यामुळे ऐन थंडीत सर्वात उघडीबोडकी, सर्वात दीनवाणी दिसते ती बहुधा तीच. उलट कमी अंडी देणारी कोंबडी पावसाळ्यातच सुरुवात करते, हळूहळू करते, आणि त्यामुळे कधीच फार वाईट दिसत नाही. रूप पाहून बाजाराला न्यायची कोंबडी निवडली तर चांगली जाते आणि साधारण घरात राहते. अशी किती चांगली कोंबडी दरवर्षी बाजाराची वाट धरत असेल! या एका गैरसमजाने परसातल्या कोंबडीपालनाचं मोठं नुकसान होतं.

ही पारख एकाच वयाच्या, एकाच खाद्यावरच्या कोंबड्यांत करावी. आजारातून उठलेली किंवा पिल्लं काढून झालेली कोंबडी या तुलनेत धरू नये.

६. रोग की पिसबदल?

पिसबदलातली कोंबडी थोडी गप्प असते, एका बाजूला राहते, पण खाते-पिते. डोळे स्वच्छ असतात. उघड्या कातडीवर थोड्याच दिवसांत खुंट दिसतात. हे जुळत नसेल तर पुढच्या गोष्टी तपासा.

उवा: शेपटीखालची आणि पंखाखालची पिसं बाजूला करा. पिवळसर, पळणारे किडे आणि पिसांच्या बुडाशी चिकटलेले पांढरे अंड्यांचे पुंजके दिसले तर उवा आहेत.

गोचीड आणि बारीक तांबडे किडे: हे दिवसा खुराड्याच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. रात्री बॅटरी घेऊन बसायच्या दांडीच्या सांध्यांत पाहा. कोंबडी खुराड्यात शिरायला कुरकुर करत असेल तर हे आधी पाहावं.

टोचणं: पीस मुळातून गळालेलं नसून मधेच तुटलेलं आहे, कातडीवर जखम आहे, तर दुसऱ्या कोंबड्या टोचत आहेत. गर्दी आणि प्रथिनांची कमतरता ही त्याची नेहमीची कारणं.

कोंबडा: फक्त पाठ आणि डोक्याची मागची बाजू उघडी, बाकी पिसं जागेवर, तर ते कोंबड्याच्या चढण्यामुळे झालेलं आहे.

मान वाकडी होणं, तोंड उघडून श्वास घेणं, हिरवट पातळ शिट, तुरा निळसर पडणं, खाणं सोडणं, ही पिसबदलाची लक्षणं नव्हेत. राणीखेत, म्हणजे आपल्याकडची मानमोडी, असू शकते. ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. दोन-चार दिवसांत एकापाठोपाठ पक्षी मरू लागले तर मेलेला पक्षी कापू नका, खाऊ नका, फेकू नका, आधी कळवा. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू नोंदला गेला, तोही थंडीच्या अखेरीला. वेळेवर कळवण्याने इतरांचेही पक्षी आणि माणसं वाचतात.

७. खायला काय द्यावं?

नेहमीच्या अंड्यांच्या खाद्यात, म्हणजे लेअर मॅशमध्ये, प्रथिन 16 ते 18 टक्के असतं. पिसबदलाच्या काळात ते 18 ते 20 टक्क्यांवर न्यावं. नुसत्या ज्वारी-बाजरीवर असलेल्या कोंबडीला जेमतेम 10 टक्के मिळतं. हा फरक घरच्या आणि बाजारातल्या साध्या वस्तूंनी भरून काढता येतो.

एक किलोचं मिश्रण करून पाहू. भरडलेली ज्वारी, बाजरी किंवा मका 700 ग्रॅम, त्यातून 70 ग्रॅम प्रथिन. शेंगदाण्याची पेंड 120 ग्रॅम, त्यातून सुमारे 48 ग्रॅम. तिळाची पेंड 80 ग्रॅम, त्यातून सुमारे 28 ग्रॅम. सुका जवळा 100 ग्रॅम, त्यातून सुमारे 50 ग्रॅम. बेरीज 196 ग्रॅम, म्हणजे साडेएकोणीस टक्के. एका कोंबडीला दिवसाला साधारण 100 ग्रॅम लागतं, तेव्हा एक किलो दहा कोंबड्यांना एक दिवस पुरेल.

यातली प्रत्येक वस्तू कारणाने घेतली आहे. शेंगदाण्याच्या पेंडीत प्रथिन भरपूर, पण मिथिओनाईन कमी. तिळाच्या पेंडीत तो चांगला असतो. जवळ्यात दोन्ही मिळतं. संक्रांतीच्या सुमाराला घाण्यावर तिळाची पेंड ताजी मिळते, तेव्हा ती आणून ठेवावी. तीळ नसेल तर सूर्यफुलाची पेंड चालते. ज्यांच्या घरात मासळी चालत नसेल त्यांनी उकडून कुस्करलेलं अंडं, वाळवी किंवा शेणखतातल्या अळ्या द्याव्यात. वाळवीचं वारूळ फोडून पिल्लांना घालण्याची आपल्याकडची जुनी रीत यासाठीच चांगली. शेवग्याचा पाला, लसूणघास, मेथी-कोथिंबिरीचे देठ रोज मूठभर टांगून ठेवले तर जीवनसत्त्वं मिळतात आणि कोंबड्या त्यातच गुंतल्याने एकमेकींना टोचत नाहीत.

चार गोष्टी जपा. बुरशी आलेली किंवा कुबट वासाची पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. शेंगदाण्याच्या पेंडीतल्या बुरशीचं विष यकृत बिघडवतं. खारवलेली मासळी घालू नका, जास्त मीठ कोंबडीला सोसत नाही. सोयाबीन कच्चं देऊ नका, भाजून किंवा शिजवूनच द्या. कच्च्या सोयाबीनमधला एक घटक प्रथिन पचू देत नाही, म्हणजे हेतूच फसतो. आणि खाद्य बदलायचं तर आठवडाभरात थोडं थोडं बदला.

कॅल्शियमचं काय? अंडी बंद असताना कवचासाठी लागणारं जादा कॅल्शियम नको असतं. शिंपल्यांचा चुरा खाद्यात मिसळू नका. वेगळ्या वाटीत ठेवा, जिला हवा ती खाईल. पाणी मात्र चोवीस तास हवं. पहाटे ते फार गार झालेलं असेल तर बदलून कोमट द्यावं. गार पाणी कोंबड्या कमी पितात आणि पाणी कमी प्यायलं की खाणंही कमी होतं.

८. खुराडं कसं असावं?

कोकणात थंडीचा फारसा प्रश्न येत नाही. नाशिक, निफाड, विदर्भ, सातारा-महाबळेश्वरचा डोंगराळ भाग इथे मात्र पहाटे पारा एक आकडी होतो, आणि उघड्या मानेच्या कोंबडीला तो बोचतो.

बाधतो तो अंगावर येणारा वाऱ्याचा झोत. म्हणून कोंबड्या बसतात त्या उंचीवरच्या फटी बुजवा आणि उत्तरेकडून गोणपाटाचा पडदा लावा. पण खुराडं गच्च बंद करू नका. छपराखाली वीतभर मोकळी जागा ठेवा. शिटेतून निघणारा अमोनिया आणि श्वासाची वाफ तिथून बाहेर जाते. खाली वाकून आत डोकं घातल्यावर तुमचे डोळे चुरचुरले तर हवा कोंदली आहे असं समजा.

जमिनीवर भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा चार बोटं जाड पसरा, आठवड्यातून दोनदा खालीवर करा, ओला झालेला भाग काढून टाका. सकाळचं ऊन मिळेल अशा कोपऱ्यात कोरडी माती आणि चुलीची गार राख यांचा ढीग ठेवा. कोंबड्या त्यात लोळतात, उवा कमी होतात, वेष्टनं सुटायलाही मदत होते.

बंद खुराड्यात शेगडी किंवा निखारे कधीही ठेवू नका. त्यातून निघणारा विषारी वायू रात्रीत सगळ्यांना मारू शकतो. तुसाजवळ लटकवलेला दिवा आग लावू शकतो. फारच उघडी पडलेली एखादी कोंबडी असेल तर रात्रीपुरती डाल्याखाली, घराच्या पडवीत घ्यावी, हे जास्त सुरक्षित.

झाडावर बसणाऱ्या गावरान कोंबड्यांकडे या दिवसांत विशेष लक्ष द्या. उडण्याची पिसं गळालेली कोंबडी फांदीपर्यंत पोहोचत नाही आणि खालीच कुठेतरी बसून राहते. मुंगूस आणि रानमांजर नेमकं तिला गाठतं. तिन्हीसांजेला मोजून आत घ्या.

९. हात आवरा

खुंट जिवंत असतात हे मघाशी पाहिलं. म्हणून या काळात कोंबडीला विनाकारण उचलू नका. मुलांना समजावून सांगा की तिला लाड नकोत, दुखतंय. तपासायचं असेल तर संध्याकाळी ती दांडीवर बसल्यावर दोन्ही हातांनी खालून आधार देऊन घ्या. अंगावर कपडा किंवा स्वेटर चढवू नका. त्याने खुंट दाबले जातात आणि पिसं वाकडी येतात.

खुंट मोडून रक्त आलं तर स्वच्छ कापसाने काही मिनिटं दाबून धरा, रक्त थांबलं की हळद दाबा. तांबडा रंग दिसला की इतर कोंबड्या टोचायला धावतात. तेव्हा जखम सुकेपर्यंत तिला जाळीआड, पण बाकीच्यांना दिसेल अशी ठेवा. पूर्ण नजरेआड केली तर परत आणल्यावर त्या तिला परकी समजून हाणतात.

नवी कोंबडी आणणं, खुराडं हलवणं, बाजारात नेऊन परत आणणं, हे सगळं पुढे ढकला. पाठ उघडी असेल तर कोंबडा वेगळा करा. जंताचं औषध किंवा लस या काळात पशुवैद्यांना विचारूनच द्या. काही जंतनाशकांमुळे वाढणारी पिसं वेडीवाकडी येतात.

१०. दोन आडवाटा

पहिली, उपाशी ठेवण्याची. मोठ्या शेडमध्ये सगळ्या कोंबड्यांची पिसं एकदम गळावीत म्हणून त्यांचं खाद्य तोडण्याची पद्धत होती. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2011 मध्ये ती थांबवण्याची सूचना दिली, आणि पाळीव प्राण्याला पुरेसं अन्न-पाणी न देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. परसातल्या कोंबडीला तर याची गरजच नाही. तिला प्रथिन हवं असताना ताट काढून घेणं क्रूरपणाचं आहे आणि पिसंही त्याने निकृष्ट येतात.

दुसरी, दिवा लावण्याची. पहाटे दोन-तीन तास दिवा लावून दिवस 14 तासांचा केला की कोंबड्या अंड्यांवर येतात, हे खरं आहे. पण पिसं अर्धवट असताना असं केलं तर शरीर दोन्ही कामांत ओढलं जातं. दिवा लावायचाच असेल तर अंगभर पिसं आल्यानंतर, आणि आठवड्याला अर्धा तास अशा बेताने वाढवत.

११. अंडी परत कधी?

आधी तुरा बोलतो. तो लाल आणि भरदार होऊ लागला, नवी पिसं तकाकू लागली, कोंबडी खोपटी हुंगत फिरू लागली की समजावं, वेळ जवळ आली. 22 डिसेंबरनंतर दिवस वाढायला लागतो आणि बहुतेक कोंबड्या माघ-फाल्गुनापर्यंत पुन्हा अंड्यावर येतात. पहिलं अंडं दिसलं की लेअर मॅशकडे वळा आणि शिंपल्यांचा चुरा पुन्हा भरपूर ठेवा.

दुसऱ्या वर्षी अंडी पहिल्या वर्षापेक्षा साधारण दहा ते वीस टक्क्यांनी कमी मिळतात, पण मोठी मिळतात. सहा महिने होऊनही पिसं पुरी झाली नाहीत, छातीचं हाड हाताला धारदार लागू लागलं, तर खाद्यात किंवा पोटात काहीतरी खोट आहे. शिटेची तपासणी करून घ्यावी.

घरात थंडीतही अंडी चालू राहावीत असं वाटत असेल तर त्याची तजवीज थंडीत होत नाही, उन्हाळ्याच्या तोंडावर होते. फाल्गुन-चैत्रात उबवलेली पिल्लं पाच ते सात महिन्यांत अंड्यावर येतात आणि पहिल्या हिवाळ्यात बहुधा मोठा पिसबदल करत नाहीत. दरवर्षी कळपातल्या तीनचार जागा अशा नव्या पिल्लांना दिल्या की जुन्या कोंबड्या नव्या पिसांची निगा करत असतात तेव्हा तरण्या कोंबड्या घर सांभाळतात. मग अंडी बंद झाली म्हणून कुणाला बाजार दाखवण्याची घाई उरत नाही, आणि जुन्या, पारखलेल्या कोंबडीला तिच्या हक्काचे आठ-दहा आठवडे आणि पोटभर खाद्य देणं परवडतं.